आमच्या घरातल्या दातांच्या तीन कॅपा: मेटल 11 वर्षं, सिरॅमिक 4 वर्षं, झिरकोनिया 16 महिने

रूट कॅनाल झाल्यावर डॉक्टरांनी कॅपेचे तीन नमुने पुढ्यात ठेवले. मेटल दोन हजार, सिरॅमिक चार, झिरकोनिया, म्हणजे बिनधातूची पांढरी कडक कॅप, नऊ. मी झिरकोनिया सांगितली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "एका दाढेले नऊ हजार? अबे, तेवढ्यात बकरी येते!" घाटंजी तालुक्यातल्या माणसाला हा हिशोब खोटा ठरवता येत नाही.

बाबांची स्वतःची कॅप निकेल-क्रोमची. सोनाराच्या ओतकामासारखीच मेणाचा साचा करून ओतलेली. ज्वारीची भाकर, फुटाणे, मटणाची नळी आणि लपवून काय करता, तंबाखू-सुपारीचा खर्रासुद्धा, सगळं तिनं 11 वर्षं झेललं. धातू पातळ असला तरी चालतो, म्हणून दात कमी घासावा लागतो. हसले की चमकते एवढंच, आणि बाबा तसे हसतात कमी.

वहिनीची सिरॅमिक, म्हणजे आत धातू आणि वरून चिनीमातीचा थर. पहिली दोन वर्षं खरा दात कोणता ते ओळखू येत नव्हतं. तिसऱ्या वर्षी रोडग्याच्या पंगतीत वरणात खडा आला अन् कोपऱ्याची कपची उडाली. धातू टिकला, वरचा थर गेला. टोक जिभेला टोचायचं, ते डॉक्टरांनी घासून दिलं. आता हिरडी थोडी खाली सरकली आणि कडेला काळी रेघ दिसते. ती किडीची नाही, आतल्या धातूची आहे, हे वहिनी प्रत्येक पाहुणीला समजावून सांगते.

आता माझी. झिरकोनिया खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून मशीनवर कोरतात, मुद्दाम मोठी, आणि मग दीड हजार अंशांच्या आसपास भाजतात. भाजताना ती जवळपास पाचव्या हिश्श्यानं आकसते. ताकद, म्हणजे मोडायच्या आधी किती ताण झेलते ते, साधारण 1000 मेगापास्कल. ई-मॅक्स नावानं मिळणारी काच-सिरॅमिक 400 च्या आसपास, आणि वहिनीच्या कॅपेवरच्या थरासारखी चिनीमाती जेमतेम 100. जास्त पारदर्शक झिरकोनिया दिसायला सुंदर, पण ताकदीला कमी. दाढेसाठी घेत असाल तर कोणती देताय ते विचाराच.

16 महिन्यांत माझ्या कॅपेला ओरखडासुद्धा नाही. त्रास झाला तो तिच्यावर टेकणाऱ्या वरच्या दाढेला. बसवल्यावर कॅप उंच लागत होती. डॉक्टरांनी तोंडातच मशीन लावून घासली, "आता बरं वाटते ना?" विचारलं आणि सोडून दिलं. पाच-सहा महिन्यांनी वरच्या दाढेत थंड पाणी झिणझिणायला लागलं. यवतमाळला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बोट फिरवून सांगितलं, "घासलेली जागा पॉलिशच केली नाही, सँडपेपर झालाय." चकचकीत झिरकोनिया तिच्यावर टेकणाऱ्या दाताला फारशी झिजवत नाही, खरबरीत मात्र रोज खाते. त्यांनी रबरी चाकं आणि हिऱ्याची पेस्ट लावून पाऊण तास पॉलिश केलं. झिणझिण गेली. वरच्या दाढेचं झिजलेलं इनॅमल मात्र परत येत नाही. नऊ हजारांत पहिल्याच डॉक्टरांनी हे पाऊण तासाचं काम का केलं नाही, हा राग अजून आहे.

सोबत दहा वर्षांचं वॉरंटी कार्ड मिळालं. बारीक अक्षरं वाचली तर ते फक्त कॅपेचं आहे. आतल्या दाताचं नाही, डॉक्टरांच्या फीचं नाही.

मागच्या महिन्यात बाबांची कॅप जेवताना हातात आली. अख्खी, धड. आतला दात मात्र कडेपासून किडून भुसा झाला होता; कॅप आणि हिरडीच्या सांध्यात वर्षानुवर्षं खर्रा साचलेला. दाढ काढावी लागली. बाबांनी कॅप धुतली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "इले काई झालं नाई. दुसऱ्या दाढेले बसते का इचार."