बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ: आवाराची पाहणी

बडोद्यात प्रवेश घ्यायचा म्हटलं की पालक फॅकल्टी, फी आणि होस्टेल विचारतात. आवाराचं कोणी विचारत नाही. पोराला तिथे चार मित्र जोडता येतील का, हे बरंचसं आवारावर ठरतं.

आर्ट्स फॅकल्टीची घुमटाची इमारत म्हणजे जुनं बडोदा कॉलेज. सुरुवात 1881ची, आराखडा रॉबर्ट चिझम यांचा. फोटो सगळे घुमटाचे काढतात, पण खरी कमाई कमानीखालच्या व्हरांड्यांची आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सावली असेल तिथेच बैठक जमते. भिंतीला टेकून चौघं बसली तरी येणाऱ्याजाणाऱ्याला वाट उरली पाहिजे, आणि त्यासाठी अडीच मीटर रुंदी तरी हवी. हल्लीच्या कॉलेजांत दीड मीटरचा कॉरिडॉर काढतात, दोन्ही बाजूंना वर्ग, मधे अंधार. तिथे कोणी थांबलं की वाट अडते, म्हणून तास सुटल्यावर गर्दी थेट पार्किंग गाठते.

सगळ्यात उजवं आवार फाइन आर्ट्सचं, 1950 पासूनचं. शिल्पाचं काम उघड्यावर चालतं, त्यामुळे पहिल्या वर्षाचा मुलगा सीनियरचा दगड रोज आकार घेताना बघतो. प्रश्न विचारायला वेगळी वेळ घ्यावी लागत नाही. ना. श्री. बेंद्रे, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे स्वतः चित्र काढणारे मास्तर इथे होते, ते उगीच नाही. नवरात्रातला गरबाही याच आवारात रंगतो.

उणीवही तेवढीच मोठी. विद्यापीठ 1949 साली झालं ते आधीच्या संस्था जोडून, त्यामुळे सगळं एका कुंपणात नाही. कलाभवन, म्हणजे आजची टेक्नॉलॉजी-इंजिनिअरिंगची फॅकल्टी, राजमहाल रोडवर, आर्ट्स-सायन्स सयाजीगंजात. मधे शहराची वाहतूक. इंजिनिअरिंगच्या आणि आर्ट्सच्या मुलांनी दिवसा भेटायचं कुठे? विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय नाहीतर कामाटीबाग, म्हणजे सयाजीबाग.

बघायला सुट्टीत जाऊ नका. कामाच्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास जा आणि आधी झाडांचे पार बघा. 40 ते 45 सेंटीमीटर उंचीवर माणूस आरामात टेकतो. 60च्या वर पाय लोंबकळतात आणि दहा मिनिटांत उठावं लागतं. पाराला खेटून दुचाक्या लागल्या असतील तर तो पार गेलाच समजा, तापलेल्या सायलेन्सरपाशी कोण बसेल? चहा रस्त्यापलीकडे मिळत असेल तर गप्पाही रस्त्यापलीकडेच. मुलींचं स्वच्छतागृह आणि प्यायचं पाणी बसायच्या जागेपासून किती लांब आहे, तेही चालून बघा. ते लांब पडलं की मुली तास संपताच घरचा रस्ता धरतात, आणि कट्टा फक्त मुलांचा होऊन बसतो.

मग संध्याकाळी सातला पुन्हा एक चक्कर मारा. वाटेवर दिवे लागलेले असतील आणि मुली ग्रंथालयातून पायी होस्टेलकडे निघालेल्या दिसल्या, तर खुशाल फॉर्म भरा.