वेगासाठी ग्रॅव्हल घ्यावी की हार्डटेल?

रोजच्या वाटेचा तीन चतुर्थांश भाग डांबरी असेल तर वेगासाठी ग्रॅव्हल घ्या, म्हणजे खाली वळलेल्या (ड्रॉप) हँडलची, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारी सायकल. निम्म्याहून जास्त वाट सुट्या दगडांची, खाचखळग्यांची असेल तर हार्डटेलच, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन सायकलच, लवकर पोहोचवते. या दोन्हींच्या मधे बसणाऱ्यांनी मात्र नव्या सायकलआधी टायरकडे पाहावं.

ग्रॅव्हल हलकी म्हणून वेगवान, हा समज अर्धाच खरा आहे. अ‍ॅल्युमिनियमची ग्रॅव्हल 10-11 किलोची आणि हार्डटेल 13-14 किलोची धरली, तरी सिंहगडासारख्या अर्ध्या तासाच्या चढावर वजनामुळे पडणारा फरक मिनिटभराचा. खरा फरक सपाटीवर पडतो आणि तो वाऱ्यामुळे. ताशी 20-25 किमीच्या पुढे बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हार्डटेलचं हँडल 720 ते 780 मिमी रुंद असतं; हात फाकतात आणि छाती वाऱ्याला उघडी पडते. ग्रॅव्हलचं ड्रॉप हँडल 420 ते 460 मिमी. हात खांद्यांच्या रेषेत येतात, पाठ वाकते. 70 किलोचा माणूस 150 वॉट लावत असेल तर हिशेबाने ग्रॅव्हलवर ताशी साधारण 27-28 किमी आणि गुठळ्यांच्या टायरच्या हार्डटेलवर 24-25 किमी मिळतात. 50 किमीला फरक साधारण तेरा मिनिटांचा.

गिअरचा भाग दुकानात कुणी नीट सांगत नाही. ग्रॅव्हलवर पुढच्या चकत्यांना 46/30 आणि मागच्यांना 11-34 दाते, तर हार्डटेलवर पुढे 32 आणि मागे 10-51 ही नेहमीची जुळणी. मिनिटाला पॅडलच्या 90 फेऱ्या मारल्या तर ग्रॅव्हल ताशी 50 किमीपर्यंत जाते. हार्डटेल 39 वर संपते, पुढे पाय नुसते फिरतात. चढाला उलट होतं. सर्वात हलक्या गिअरवर 60 फेऱ्यांना हार्डटेल ताशी 5 किमीने चढते, ग्रॅव्हलला 7 चा वेग राखावाच लागतो. टेमघरच्या बाजूने लवासाला चढताना, तेही सामान बांधलेलं असेल तर, हा ताशी दोन किमीचा फरक गुडघ्यांवर येतो.

आता खराब रस्ता. दाबून बसलेल्या मुरमावर ग्रॅव्हलच पुढे राहते. पण खडी मुठीएवढी झाली, की 40 मिमीचा टायर एकेका दगडावर अडखळतो, धक्के अंगात जातात आणि पॅडल मारणं थांबतं. हार्डटेलचा 100 मिमी दबणारा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) आणि 2.25 इंची टायर ते धक्के गिळतात, बसून पॅडल मारत राहता येतं. इथे वेग मिळतो तो न थांबण्यामुळे. उतारावर तर तुलनाच नको. रुंद हँडलमुळे ताबा राहतो आणि ब्रेक उशिरा लावला तरी चालतो. डांबरावर आलात की फोर्कचा लॉकआउट (दबणं बंद करणारी कळ) लावायला विसरू नका, नाहीतर उभं राहून मारलेली ताकद फोर्कमध्ये जिरते.

ग्रॅव्हल ‘हळू वाटते’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा टायरमधली जास्त हवा असते. दुकानातून 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून आलेला 40 मिमीचा टायर खडीवर उड्या मारतो. 70 किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये 32 ते 38 पुरतात, 2.25 इंचीला 20 ते 24. ट्यूब असेल तर चार-पाच जास्त ठेवा, नाहीतर रिमवर आपटून ट्यूब फाटते. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ट्यूबलेसच हवी. तिच्यातलं सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव, आपल्या उन्हात वाळतं, दर दोन महिन्यांनी तपासा.

पावसाळ्यात मराठवाड्याच्या काळ्या मातीत दोन्ही अडकतात, ग्रॅव्हल आधी. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना किमान 6 मिमी जागा नसेल तर चाक फिरायचंच थांबतं.

हार्डटेल आधीच घरी असेल तर पहिला खर्च टायरचा. हार्डटेलच्या 29 इंची आणि ग्रॅव्हलच्या 700सी रिमवर टायर बसतो तो व्यास एकच, 622 मिमी. गुठळ्यांचे टायर काढून मधे गुळगुळीत, कडेला दाते असलेले 47 ते 50 मिमीचे लावा. रिम आतून 30 मिमी असेल तर याहून बारीक नकोत. सायकल सुमारे सेंटीमीटरभर खाली बसते, तेव्हा वळणावर आतलं पॅडल वर ठेवा. मग हँडल दोन्ही बाजूंनी 20-20 मिमी कापा. आधी ग्रिप आणि ब्रेक आत सरकवून आठवडाभर चालवून बघा, कापलेलं परत जोडता येत नाही.

कोलोरॅडोच्या लेडव्हिल शर्यतीत काही जण हार्डटेललाच ड्रॉप हँडल लावतात, तो जुगाड घरी करण्याआधी थांबा. ड्रॉप हँडलच्या शिफ्टरची केबल ओढण्याची मात्रा माउंटन सायकलच्या डिरेलरशी (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाशी) सहसा जुळत नाही, गिअर अधेमधे अडकतात. शिवाय हात 70-80 मिमी पुढे जातात. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा दांडा, आधीच आखूड असेल तर तो आणखी कमी करायला जागाच उरत नाही, आणि तासाभरात मान दुखू लागते.