अंगठ्यावरचा 'स्वामी' : गोव्याच्या दमट हवेत आठ महिने

नोव्हेंबरपासून जूनपर्यंत लग्नाच्या रिसेप्शनांत, हॉटेलांच्या लॉनवर आणि देवळांच्या सभामंडपांत हे एकच गिमिक, म्हणजे प्रेक्षकांपासून लपवलेलं साधन, सतत वापरलं. मनकवडेपणाचे प्रयोग करणाऱ्यांना 'स्वामी' किंवा नेल रायटर नवा नाही. हे अंगठ्यावर लपवलेलं शिशाचं टोक : आधी पेन्सिलीने आकडा लिहिल्याचं नाटक करायचं, आणि प्रेक्षकाने आपला आकडा सांगितल्यावर तो अंगठ्याने गुपचूप कार्डावर काढायचा. कोरिंडाने मेंटॅलिझमवरच्या आपल्या पुस्तकात तेरा पायऱ्यांतली पहिली पायरी यालाच दिली आहे, आणि वापरून बघितल्यावर ती योग्यच वाटते. प्रेक्षक खरोखर मोकळा असतो. फोर्स (आपल्याला हवी तीच निवड करायला लावणं) नाही, पीक (चोरून बघणं) नाही, कागद फाडणं नाही, मोबाइल नाही. तो मनाला येईल तो आकडा धरतो आणि तोच आकडा तुमच्या कार्डावर असतो. मेंटॅलिझममध्ये इतकी स्वच्छ दुसरी चीज मला तरी माहीत नाही.

तीन प्रकार वापरून पाहिले : अंगठ्याच्या गादीला चिकटणारी चकती, नखाखाली सरकवायची पट्टी आणि टोकावर चढणारा बँड. गोव्यात चकती टिकत नाही. दुहेरी टेपवर घाम आला की ती अर्ध्या प्रयोगात सरकते, आणि मेणावर लावली तर मेच्या उकाड्यात मेणच मऊ होतं. नखाखालची पट्टी लिहिते सर्वांत सुबक. पण नख दोनेक मिलिमीटर वाढलेलं लागतं आणि अंगठा ओला झाला की पट्टी मागे सरते. माझ्या हातात शेवटी बँडच राहिला. तोही घामाने फिरतो, म्हणून आतून दवाखान्यात मिळते त्या कागदी टेपचा छोटा तुकडा लावावा आणि चढवण्याआधी बोटाला टाल्कम पावडर चोळावी. एवढ्यावर तास-दीड तास तो हलत नाही.

बँडचा रंग मात्र आपल्या कातडीचा नाही, गुलाबीसर आहे. कॉम्पॅक्ट लावून झाकायचा खटाटोप करू नये, तो कार्डावर उतरतो. त्यापेक्षा बँड खिशात, तोंड वर करून, कापडाला शिवलेल्या छोट्या कप्प्यात ठेवावा. पेन्सिल खिशात परत ठेवताना अंगठा आत जातो आणि बँड घेऊनच बाहेर येतो.

शिसं २ मिलिमीटरचं घ्यावं, क्लच पेन्सिलीत घालतात ते. ०.९ चं पहिल्याच रेघेला तुटतं. बँडबाहेर एक मिलिमीटरच ठेवावं, जास्त ठेवलं की टोक उडतं आणि अर्धवट आकडा कार्डावर राहतो. ४बी छान काळं उमटतं, पण थंड ग्लास धरून ओल्या झालेल्या बोटांखाली लगेच फिस्कटतं. २बी वर स्थिरावलो. दाखवायची पेन्सिलही २बी च हवी. स्केच पेनने लिहिण्याचं नाटक करून शिशाने आकडा काढला, तर पहिल्या ओळीतली मुलंसुद्धा ओळखतात.

कार्ड व्हिजिटिंग कार्डाएवढं, ३०० जीएसएमचं, लॅमिनेशन नसलेलं. चकचकीत कार्डावर शिसं नुसतं घसरतं. समुद्राजवळच्या लॉनवर ही कार्डं तासाभरात मऊ पडतात आणि अंगठ्याखाली वाकतात, म्हणून सिलिका जेलची पुडी घातलेल्या झिप पाऊचमधून एकेक काढावं. लिहिताना तर्जनी आणि मधलं बोट कार्डामागे नेमकं अंगठ्यासमोर असावं. मागे टेकू नसेल तर रेघ तुटक येते, आणि बहुतेकांचं अक्षर याच कारणाने बिघडतं.

आता लिहिण्याचा भाग, ज्यावर सगळं उभं आहे. कार्डावर आधीच 'तुमच्या तिकिटाचा आकडा' असं लिहून पुढे दोन सेंटिमीटरची चौकट छापून घ्यावी. चौकटीमुळे वाकडा आकडाही घाईत लिहिल्यासारखा वाटतो. आकडे इंग्रजी पद्धतीने काढावेत. देवनागरीत हौसेने करून पाहिलं, पण अंगठ्याने काढलेला १ आणि ९ एकमेकांत मिसळतात, गाठ किती मोठी आली यावरच अर्थ ठरतो. इंग्रजीत ८ सलग वळणाने न काढता दोन गोल एकावर एक ठेवावेत. ५ ची वरची आडवी रेघ शेवटी.

मराठीत प्रयोग करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण परभाषेतल्या सूचनांत ती सापडणार नाही. इंग्रजीत 'फॉर्टी' ऐकताच ४ सुरू करता येतो. आपल्याकडे एकक आधी येतं : सत्तेचाळीस. 'सत्ते' ऐकून हात चालवायचा मोह होतो. पण 'सत्त' वरून सत्तावीसही होतो, सत्तावन्नही आणि सत्तरही. 'एक' ऐकून १ काढायला जावं तर पुढे एकोणपन्नास निघतं. म्हणून शब्द पूर्ण ऐकावा, मग विचारावं, "चार आणि सात, बरोबर? बदलायचा का, काका?" 'नाही' कानावर आल्यावरच शिसं टेकवावं. जनरेटर चालू असलेल्या मंडपात त्रेपन्न आणि त्रेसष्ट यांत सहज गफलत होते, तीही या प्रश्नाने टळते. लिहिताना मात्र एकक आधी काढणंच फायद्याचं. कार्ड डाव्या हातात, बँड डाव्या अंगठ्यावर असेल तर अंगठ्याची गादी डावीकडून येते. आधी ७, मग मागे सरत ४, म्हणजे ताज्या आकड्यावर गादी घासत नाही. (खिसा अर्थात त्याच बाजूचा.) रोज पंधरा मिनिटं, आरशाकडे बघत, अंगठ्याकडे एकदाही न पाहता. तीन आठवड्यांनी अक्षर वाचता येतं, दोन महिन्यांनी ते आपल्या अक्षरासारखं दिसतं.

तिकिटाचं कारण मी मुद्दाम घेतलं. नुसता 'कोणताही आकडा' म्हटलं की प्रयोग संपल्यावर दोघे-तिघे हळूच मटक्याचा आकडा विचारायला येतात, आणि तो संशय ठेवून निघून यावं असा हा खेळ नाही. त्याऐवजी सांगावं : "डोळे मिटा. कदंबाच्या बसमध्ये चढलात, मनातल्या गावाला निघालात. कंडक्टरने तिकीट दिलं. त्यावर दोन आकडी रक्कम आहे, ती बघा." माणूस हसतो, वाळपई की काणकोण याचा खरंच विचार करतो, आणि त्या तीन-चार सेकंदांत तुमच्या हाताकडे कोणाचंच लक्ष नसतं.

पणजीत प्रयोग असेल तर सुरुवातीला आबे फारियाचं नाव घ्यावं. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने पॅरिसला जाऊन सांगितलं की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलीही शक्ती वाहत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात. मांडवीकाठचा त्याचा पुतळा प्रत्येकाने पाहिलेला असतो, त्यामुळे सभागृह लगेच तुमचं होतं. शिवाय 'माझ्याकडे दैवी शक्ती नाही, हा मनोरंजनाचा प्रयोग आहे' हे वाक्य त्याच्या आधाराने फार सहज येतं. देवळाच्या आवारात ते मी कधीच गाळत नाही.

आठ महिन्यांत बँड एकदा सैल पडला. चिमट्याने हलकं दाबून तो घट्ट झाला, पण जोराने दाबला असता तर शिशाची खोबण चेपली असती. कार्ड देताना कडेला धरून द्यावं आणि लगेच दुसऱ्या हाताने टाळ्यांसाठी खूण करावी, म्हणजे बँड खिशात उतरवायला वेळ मिळतो. पावसाळ्यात बँड वापरून झाला की कोरड्या कापडाने पुसून डबीत ठेवावा, खिशात राहू देऊ नये. माझ्या जुन्या बँडच्या खोबणीत जूनच्या दुसऱ्याच आठवड्यात गंज धरला, आणि ते शिसं आता सुईनेही निघत नाही.