जॉकी व्हील, ७५० किलोचं स्टिकर आणि माझी घासाघीस

एका ऑनलाइन खरेदीत ११९ डॉलर गेले म्हणून हे लिहीत नाही. त्यातले ४१ डॉलर ६५ सेंट परत आले, आणि खरी फसगत झाली ती या परत आलेल्या पैशांत. ती कशी झाली ते सांगतो. इथे ऑस्ट्रेलियात आपल्यापैकी बरेच जण आता कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं फिरतं घर, घ्यायला लागलेत आणि सगळ्यांच्या फोनवर तिच्या स्वस्त सामानाच्या जाहिराती फिरतायत.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीटला राहतो. मुलं युनिव्हर्सिटीत, घरात आम्ही दोघंच. दोन वर्षांपूर्वी एक वापरलेली कॅरॅव्हॅन घेतली. म्हटलं, ग्रॅम्पियन्स, लेक्स एन्ट्रन्स, जमलं तर मिल्ड्युरापर्यंत हिंडून येऊ. हौसेला मोल नाही म्हणतात. या हौसेला मोल आहे आणि ते दर महिन्याला नव्याने कळतं.

ज्यांनी ही वस्तू जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडवली की तिचं तोंड जमिनीवर पडू नये म्हणून पुढे एक नळी लावलेली असते. गावाकडे बैल सोडले की गाडीच्या जुवाखाली टेकू लावतात, त्यातलाच प्रकार. फक्त या टेकूला खाली चाक आणि वर हँडल. हँडल फिरवलं की तोंड वरखाली होतं आणि चाक असल्यामुळे व्हॅन हाताने थोडी इकडेतिकडे ढकलता येते. याला म्हणायचं जॉकी व्हील. जॉकी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आधी महालक्ष्मीचं रेसकोर्स आणि मग बनियन आलं होतं, ते असो.

आमच्या व्हॅनला होतं ते सहा इंची कडक रबराचं चाक. काँक्रीटवर ठीक. पण आमच्या घराच्या बाजूला खडी आहे आणि जराशी चढण. त्या खडीत चाक असं रुतायचं की नांगरच धरलाय म्हणावं. मी पुढून ओढतोय, ही मागून ढकलतेय, आणि व्हॅन जागची हलत नाही. शेवटी ही म्हणाली, "अहो, यापेक्षा आपण तंबू घेतला असता."

मग मी पर्याय शोधायला बसलो. दहा इंची हवेचं चाक मिळतं, खडीवर बरं चालतं, पण हवा बघत राहावी लागते. चाक नसलेला नुसता खाली येणारा पाय मिळतो. भक्कम असतो, पण त्यावर व्हॅन उभी राहते, फिरत नाही. ट्रेल-ए-मेट म्हणून इथला एक हायड्रॉलिक प्रकार आहे, तो जॉकी व्हीलचंही काम करतो आणि टायर पंक्चर झालं तर जॅकचंही. आणि ज्यांच्या खिशात जोर आहे ते मोटर मूव्हर बसवतात; रिमोट दाबला की रोलर टायरला टेकतात आणि व्हॅन आपोआप सरकते. मला आवडलं ते दोन चाकांचं जाडजूड जॉकी व्हील. वजन दोन चाकांत विभागलं जातं, त्यामुळे रुतत कमी. आमच्या जवळच्या दुकानात तसल्या मालाची किंमत दोनशे डॉलरच्या पुढे होती. मी "घरी विचारून सांगतो" म्हणून बाहेर पडलो. हे वाक्य आपण जगाच्या पाठीवर कुठेही गेलो तरी तसंच म्हणतो.

त्याच रात्री जाहिरात आली. पांढऱ्या केसांचं जोडपं, मागे पत्र्याची शेड, पायाशी कुत्रा. खाली लिहिलेलं: ३२ वर्षं कॅरॅव्हॅनचं सामान विकलं, आता तब्येत साथ देत नाही, जड मनाने दुकान बंद करतोय, शेवटचा माल निम्म्या भावात. दोन चाकांचं जॉकी व्हील, क्षमता ७५० किलो, २३९ चं ११९ ला. साइटच्या नावात मेलबर्न होतं. मला त्या म्हाताऱ्याचं वाईटसुद्धा वाटलं, हे कबूल करतो. आमच्या सांगलीच्या गल्लीतलं सायकलचं दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी शेवटच्या दिवशी आम्हा पोरांना फुकट व्हॉल्व्ह ट्यूब वाटली होती, ती आठवली. असल्या आठवणींवरच यांचं पोट चालतं.

आता मागे वळून बघतो तर सगळं समोर होतं. पत्ता नाही, फोन नंबर नाही, फक्त एक फॉर्म. इथल्या धंद्यांना अकरा आकडी एबीएन, म्हणजे सरकारी धंदा क्रमांक, असतो आणि तो सरकारी एबीएन लुकअपवर मिनिटभरात फुकट तपासता येतो. साइटवर तो कुठेच नव्हता. नावात मेलबर्न असलं तरी शेवट नुसता डॉट कॉम होता. डॉट कॉम डॉट एयू घ्यायचं तर ऑस्ट्रेलियातली नोंद दाखवावी लागते. डॉट कॉम कुणीही, कुठेही बसून घेतं. आणि आज बंद होणाऱ्या दुकानाचं काउंटडाउनचं घड्याळ मी पान पुन्हा उघडलं की पुन्हा सहा तासांवर जायचं. हे मी पाहिलं होतं. पाहूनही कार्ड काढलं.

पार्सल तीन आठवड्यांनी आलं. करड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, बाहेरच्या देशातून, कस्टमच्या चिठ्ठीवर "धातूचा ब्रॅकेट" असं लिहिलेलं. मेलबर्नहून टार्नीटला यायला! उचलल्यावर हात पटकन वर आला, इतकं हलकं. साइटवर वजन १२ किलो लिहिलं होतं. आमच्या बाथरूममधल्या काट्यावर आधी मी एकटा उभा राहिलो, मग ते कडेवर घेऊन उभा राहिलो. फरक साडेपाच किलो. नळीवर मात्र लालभडक स्टिकर: ७५० किलो.

इथेच थांबायला हवं होतं. मी काय केलं, तर शनिवारी सकाळी ते बसवलं. नळीचा व्यास क्लॅम्पला बरोबर बसला, हँडल लोण्यासारखं फिरलं, आणि मीच हिला म्हणालो, "बघ, उगाच दोनशे घालणार होतो."

व्हॅन सोडवली. चाकांना पाचर लावलेली होती. खडीवर जराशी आडवी वळवायची म्हणून पाचर काढून मी तोंड बाजूला रेटलं. पहिल्या फुटाला काही नाही. दुसऱ्या फुटाला टक् असा आवाज आला, सुपारी फुटावी तसा. खाली बघतो तो दोन्ही चाकं एकमेकांकडे कललेली, गुडघे आत वळलेल्या माणसासारखी. मी पाय मागे घेतला आणि तोंड धाडकन खाली आलं. ते जमिनीपर्यंत पोचलं नाही, कारण खाली रेल्वेच्या जुन्या स्लीपरचा ओंडका होता. तो हिने आणून ठेवलेला. पहिल्या दिवसापासून तिचा हट्ट, की हे लोखंड कसलंही असो, खाली लाकूड पाहिजेच. मी दर वेळी हसायचो. माझा पाय त्या ओंडक्यापासून वीतभर लांब होता.

आवाज ऐकून पलीकडचे शेजारी आले. सत्तरीचे आहेत, निवृत्तीनंतर बायकोला घेऊन अख्खा देश पालथा घातलाय. अशांना इकडे ग्रे नोमॅड म्हणतात. त्यांनी काही न बोलता वाकलेली नळी उचलली, नखाने स्टिकरचा कोपरा उचकटला आणि ते सोलून काढलं. खाली दुसरं स्टिकर. त्यावर ३५० किलो, आणि त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत "स्टॅटिक".

हा शब्द मला तोवर माहीत नव्हता, म्हणजे या अर्थाने. स्टॅटिक म्हणजे चाक जागचं हलत नसताना पेलायचं वजन. डायनॅमिक म्हणजे तेवढं वजन घेऊन गडगडत न्यायचं. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच कमी असतो, आणि आपल्याला लागतो तो दुसराच, कारण आपण व्हॅन ढकलतो. चढणीवर, खडीवर, आडवं रेटताना जोर आणखी वाढतो.

मग त्यांनी विचारलं, "मेट, तुझं बॉल वेट किती?" म्हणजे व्हॅनचं तोंड खाली किती दाबतं. मला माहीत नव्हतं. भरलेल्या व्हॅनच्या साधारण १० टक्के धरतात, एवढं ऐकलं होतं. त्यांनी घरातला तोच बाथरूमचा काटा आणायला लावला. एक जाड फळी घेतली. तिचं एक टोक लोखंडी पाइपवर, दुसरं काट्यावर, मध्ये अंतर तीन फूट. फळीचं स्वतःचं वजन काट्यावर शून्य करून घेतलं. मग पाइपपासून एक फुटावर व्हॅनचं तोंड टेकवलं, व्हॅन समतल ठेवून. काट्यावर जे येईल त्याची तिप्पट. आमचं आलं ७२, म्हणजे २१६ किलो. पुढच्या बाजूला गॅसचे दोन सिलिंडर आणि माझी हत्यारांची पेटी, तिनेच मोठा वाटा उचललेला. दहा मिनिटांचं काम. हे मी जॉकी व्हील शोधायच्या आधी करायला हवं होतं.

आता मूळ मुद्दा.

मी तक्रार पाठवली, वाकलेल्या चाकाचे आणि दोन्ही स्टिकरचे फोटो लावून. दुसऱ्या दिवशी उत्तर. भाषा इतकी गोड की मधुमेह व्हावा. "प्रिय मित्रा, तुझ्या त्रासाबद्दल आम्हाला अतीव दुःख. वस्तू परत पाठवायची तर परदेशातल्या गोदामात, खर्च तुझा. त्यापेक्षा तू वस्तू ठेव, आम्ही १५ टक्के परत करतो."

आणि माझ्यातला मंडईतला माणूस जागा झाला. १५ टक्के? मी लिहिलं, पूर्ण द्या. ते म्हणाले, २०. मी म्हणालो, बँकेत जाईन. ते म्हणाले, मित्रा, आमच्या छोट्या कुटुंबाचा विचार कर, २५. मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. मेथीची जुडी खाली ठेवून चार पावलं पुढे गेलं की भाजीवाली हाक मारते ना, तसं. हाक आली: ३५, हे शेवटचं, साहेबांशी भांडून मिळवलंय. मी "मान्य" लिहिलं आणि हिला विजयी मुद्रेने सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण पूर्णच का नाही मागितले?" मागितले होते गं. मग विसरलो.

पंधरा दिवसांनी डोकं थंड झाल्यावर कार्डच्या बँकेला फोन केला. तिकडची बाई सरळ होती. म्हणाली, खोटं वर्णन करून माल विकला असेल तर आम्ही पैसे परत मागू शकतो, कागद पाठवा. पाठवले. दुकानदाराने उत्तरादाखल माझाच ईमेल जोडला: "मान्य." ग्राहकाशी तडजोड झाली, रक्कम दिली, प्रकरण मिटलं. बँकेने हात वर केले. ती १५, २०, २५ ची शिडी माझ्या एकट्यासाठी बांधलेली नव्हती हे तेव्हा कळलं. वरच्या पायरीवर सही होती. तिथे मी स्वतःच्या पायांनी, फुशारकीने चढलो.

इथल्या ग्राहक कायद्यात हे असलं काही चालत नाही. मालात मोठा दोष असेल तर पैसे परत की बदली, हे ग्राहक ठरवतो, दुकानदार नाही. परदेशातून इकडे विकणाऱ्यालाही तोच कायदा लागू. पण ज्याचा पत्ता नाही त्याला तो दाखवायचा कुठे? अशा दुकानांना इकडे घोस्ट स्टोअर म्हणतात, आणि २०२५ च्या जुलैमध्ये एसीसीसी या ग्राहक आयोगाने अशा काही साइटची नावं घेऊन जाहीर इशाराही दिला होता. मी तो नंतर वाचला. तक्रार स्कॅमवॉच या फसवणुकींची नोंद घेणाऱ्या सरकारी साइटवर आणि कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया या राज्याच्या ग्राहक खात्याकडे नोंदवून ठेवलीय. पैसे येतील अशी आशा नाही, नोंद तरी राहील.

तेव्हा कुणी यात अडकलंच असेल तर १५ टक्क्यांच्या पहिल्या ईमेलला एवढंच उत्तर द्या: पूर्ण परतावा हवा, नाहीतर बँकेकडे जातो. त्यापुढे "मान्य", "ठीक आहे", "धन्यवाद" यातलं काहीही लिहू नका, अंगठ्याचं चित्रसुद्धा नको. आणि त्याच दिवशी बँकेला फोन करा, कारण दाव्याला मुदत असते आणि ही गोडबोली पत्रं ती मुदत खाण्यासाठीच येत असतात.

दोन चाकांचं जॉकी व्हील शेवटी त्याच जवळच्या दुकानातून आणलं. या वेळी काउंटरवर विचारलं, डायनॅमिक किती, आणि ते लिहिलंय कुठे. पोऱ्याने खोका उघडून नळीवर धातूतच ठोकलेला आकडा दाखवला. मी त्यावर नख फिरवून पाहिलं. तो काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून असं करणारा मी पहिला नसावा.

ओंडका अजून तिथेच आहे. मागच्या आठवड्यात व्हॅन सोडवताना मीच तो आधी सरकवला.