नाशिकची फुकट टीबी सेवा: गोळ्या खणखणीत, मधले सांधे कच्चे

खोकला लांबला की नाशिककर आधी मेडिकलवाल्याकडून सिरप आणतो, मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो, मग एक्स-रे काढतो. सरकारी टीबी केंद्राची पायरी सगळ्यात शेवटी, तीही कुणी ढकललं तर. हा क्रम उलटा हवा. या एका आजारापुरतं बोलायचं तर फुकटची तपासणी आणि औषधं विकतच्यापेक्षा जराही हलकी नाहीत, तपासणी तर बऱ्याचदा सरसच असते. सेवा कच्ची पडते ती दोन खिडक्यांच्या मधे: रिपोर्ट ते गोळ्या, गोळ्या ते पैसे, एक गाव ते दुसरं गाव.

देशाने टीबी संपवायला 2025 हे वर्ष धरलं होतं. 2015 साली लाखामागे 237 नवे रुग्ण होते, 2024 मध्ये 187. उतार आहे, पण संपणं याला म्हणत नाहीत. 2024 मध्ये जगात साडेबारा लाखांच्या आतबाहेर माणसं या आजाराने गेली आणि दर चार नव्या रुग्णांमागे एक भारतातला होता. बातम्यांत मात्र डेंगी जास्त दिसतो.

जायचं कुठे? त्र्यंबक नाक्याचं सिव्हिल, महापालिकेची नाशिकरोडची बिटको आणि कथड्याचं झाकीर हुसेन ही मोठी दारं. पण थुंकी द्यायला तिथवर जायलाच हवं असं नाही. जवळच्या शहरी आरोग्य केंद्रात किंवा खेड्यात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नमुना देता येतो. मशीन तिथे नसेल तर डबी पुढे जाते. म्हणूनच डबी देतानाच विचारून ठेवा: नमुना कुठे जाणार, रिपोर्ट कधी, कुणाच्या फोनवर. थुंकीत टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारं सीबीनॅट मशीन दोन तासांच्या आत निकाल देतं, गोव्यात तयार होणारं ट्रूनॅटही त्याच सुमारास. तरी रिपोर्टला आठवडा लागला, तर तो वेळ मशीनने नाही, डबीच्या प्रवासाने खाल्लेला असतो.

डबीत काय जातं यावर अर्धी तपासणी अवलंबून आहे. दोन नमुने लागतात: एक जागेवर आणि एक सकाळी उठल्या उठल्या, काही खाण्याआधी. साध्या पाण्याने चूळ भरायची, उघड्यावर उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून काढायचं. चमचाभर दाट बेडका हवा. पातळ, फेसाळ लाळ दिली तर मशीन प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतं आणि माणूस आजार घेऊन घरी जातो. घाईच्या केंद्रांवर डबी हातात देऊन बाथरूमकडे बोट दाखवतात. तिथे काढू नका. बंद जागेत खाकरलं तर पुढच्याला धोका, आणि आडोशाला लाजत खाकरलं तर येते ती लाळच.

खोकला नाही म्हणजे टीबी नाही, हेही खरं नाही. 2019 ते 2021 मध्ये देशभर झालेल्या पाहणीत छातीचा एक्स-रे नसता तर 42.6 टक्के रुग्ण निसटले असते. घरात रुग्ण असेल, साखर असेल किंवा दगडाच्या, वाळूच्या धुळीत काम असेल (अंबड-सातपूरच्या ओतकाम कारखान्यांत आणि खाणींवर अशी माणसं कमी नाहीत), तर लक्षणांची वाट न बघता एक्स-रे मागून घ्या.

खासगीत जात असाल तर तीन गोष्टींना हात आडवा करा. पहिली, रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणारी तपासणी. तिच्यावर 2012 पासून बंदी आहे. दुसरी, खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिन. हे औषध टीबीच्या जंतूलाही थोडं दाबतं, पंधरा दिवस बरं वाटतं आणि टीबीचं निदान महिनाभर मागे पडतं. निफाडचा पारा उतरला की ‘थंडीचा खोकला’ म्हणून ते सर्रास लिहिलं जातं. तिसरी गोष्ट गाठीच्या टीबीची. मानेच्या गाठीतून सुईने काढलेला किंवा ऑपरेशनचा तुकडा सवयीने फॉर्मेलिनमध्ये टाकला जातो. फॉर्मेलिनमधला नमुना सीबीनॅटला चालत नाही, कल्चरलाही (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीला) नाही. तुकड्याचा एक भाग साध्या नॉर्मल सलाईनमध्ये वेगळा ठेवायला आधीच सांगा. गाठ एकदाच कापली जाते.

रिपोर्ट हातात आला की ‘आहे’ एवढंच वाचून थांबू नका. खाली रिफॅम्पिसिनपुढे काय लिहिलंय ते बघा; टीबीचं हे मुख्य औषध तुमच्या जंतूवर चालतं का, ते तिथे कळतं. ‘इनडिटर्मिनेट’ (नक्की सांगता येत नाही) असेल तर नमुना पुन्हा द्यायचा. आणि हे मशीन नेहमी रिफॅम्पिसिनचंच सांगतं, आयएनएच (आयसोनियाझिड) या दुसऱ्या मुख्य औषधाचं नाही. आयएनएच चालतं का, यासाठी एलपीए नावाची वेगळी तपासणी लागते आणि तिचा रिपोर्ट मागे लागल्याशिवाय क्वचितच हातात पडतो. साखळीतला सगळ्यात कच्चा सांधा आमच्या मते हाच. आयएनएच फुका जात असेल आणि कोर्स नेहमीचाच चालू राहिला, तर उरलेल्या औषधांचीही धार जाते. दुसऱ्या आठवड्यात जाऊन सरळ विचारा: ‘एलपीए लागली का?’

गोळ्यांबद्दल तक्रारीला जागा कमी. चार औषधं एकाच गोळीत, रोज, दोन महिने; नंतर पायराझिनामाइड वगळून तीन औषधांची गोळी, चार महिने. किती गोळ्या ते वजनावर: 25 ते 34 किलोला दोन, 35 ते 49 ला तीन, 50 ते 64 ला चार, 65 ते 75 ला पाच. 28 गोळ्यांची स्ट्रिप असते. रोजच्या चार असतील तर ती बरोबर आठवडाभर पुरते. रविवारी सुरू केलेल्या स्ट्रिपमध्ये शनिवारच्या गोळ्या घेऊनही काही उरल्या तर कुठला तरी दिवस चुकलाय, वेगळी वही ठेवायची गरज नाही. सगळ्या गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या. पोट बिघडतं म्हणून दोन सकाळी, दोन रात्री असं वाटून घेतलं तर रिफॅम्पिसिनची रक्तातली पातळी हवी तितकी चढत नाही. उपाशीपोटी उत्तम, पण उलटी होत असेल तर हलकं खाऊन घ्या. बाहेर काढून डबीत भरून ठेवू नका, दमटपणाने खराब होतात.

पहिल्या दिवशी लघवी केशरी होते. हे कुणी सांगत नाही आणि लोक घाबरून गोळ्या बंद करतात. ते रिफॅम्पिसिनचं आहे, निरुपद्रवी आहे. हातापायाला मुंग्या आल्या तर पायरिडॉक्सिन (बी6 जीवनसत्त्व) द्यायचं असतं, मागून घ्या. सांधे दुखले तर केंद्रात सांगा. डोळे पिवळे झाले किंवा लाल-हिरवा रंग ओळखू येईनासा झाला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना, रिफॅम्पिसिनमुळे त्यांचा भरवसा राहत नाही, हे खिडकीवरच सांगायला हवं. क्वचितच सांगितलं जातं.

दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासतात, ती सूक्ष्मदर्शकाखाली. या टप्प्यावर हौसेने बाहेर सीबीनॅट करू नका. मेलेल्या जंतूंचाही डीएनए त्याला सापडतो आणि बरा होत आलेला माणूस हबकतो.

पुरवठ्याला पूर्ण गुण देता येत नाहीत. 2024 च्या मार्चमध्ये देशभर गोळ्यांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती स्थानिक खरेदी करायला सांगितलं. तेव्हापासूनचा आमचा सल्ला: शेवटची स्ट्रिप सुरू होण्याआधीच केंद्रात जा, संपल्यावर नको.

आता पैसे. निक्षय पोषण योजनेत 1 नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये आहेत, आधी 500 होते. सहा महिन्यांच्या कोर्सला 3000 सुरुवातीला, 3000 रुपये 84 दिवसांनंतर. अडतात ते बहुतेक खात्यापाशी: आधार जोडलेलं नाही, केवायसी संपलेली, नावात फरक, खातं झोपलेलं. निक्षय आयडी (निक्षय या सरकारी टीबी नोंदणीतला तुमचा नंबर) लिहून घ्या आणि नोंदणीच्याच आठवड्यात बँकेत जाऊन ‘आधारला हेच खातं जोडलंय ना’ एवढं विचारा. ही रक्कम खुराकासाठी आहे, आणि खुराक म्हणजे शोभेची गोष्ट नाही. झारखंडात रुग्णांच्या घरी धान्य दिलं गेलं, त्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले: घरातल्या इतरांत टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला. अंडी, शेंगदाणे, डाळ. टॉनिकची बाटली नव्हे.

घरच्यांसाठी प्रतिबंधक गोळ्या याच केंद्रात मिळतात: आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रा किंवा सहा महिने रोज आयएनएच. आधी टीबी नाही याची खात्री करतात. ताट-वाटी वेगळी करण्यात काही हशील नाही. त्यापेक्षा खिडकी उघडी ठेवा, आणि पहिले काही आठवडे रुग्णाने मास्क लावावा.

कामासाठी फिरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सुरगाणा, पेठहून द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी-निफाडकडे येणारा रुग्ण गाव सोडतो आणि कोर्स तुटतो. सलग महिनाभर तुटला तर नोंदीत तो ‘सुटलेला’ होतो. उपाय सोपा आहे: निघण्याआधी गावच्या केंद्रात निक्षयवर बदली करून घ्यायची आणि मधल्या दिवसांच्या गोळ्या सोबत न्यायच्या. बदली मागताना ‘दिंडोरी’ एवढं सांगून भागत नाही. ज्या बागेवर मुक्काम आहे तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं, ते लागतं. मुकादमाला ते ठाऊक असतं. नसेल तर 1800-11-6666 हा टीबीचा फुकट नंबर आहे, फोन करताना निक्षय आयडी हाताशी ठेवा.