दोष हाताचा नव्हता, मालाचा होता

बेकिंग हा माझा व्यवसाय नाही, हौस आहे. घरात कुणाचा वाढदिवस असला, मैत्रिणीला बढती मिळाली, की मी ओव्हन लावते. केक, कुकीज, ब्राउनी हाताखालून गेल्यावर मला चॉकलेटचं काम शिकायचं होतं. ट्रफल, आत मऊ गनाश, म्हणजे क्रीम-चॉकलेटचं मिश्रण, भरलेले बॉनबॉन, अर्ध्यापर्यंत चॉकलेटमध्ये बुडवलेल्या कुकीज. त्या नादात मी फसले. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच. पण जास्त लागलं ते हे की दोन महिने मी माझ्याच हातांना नावं ठेवत राहिले, आणि त्या दोन महिन्यांत मला धीर देणारा माणूस तोच होता ज्याने मला फसवलं होतं. तुमच्यापैकी कुणाच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

होम बेकर्सच्या एका ग्रुपवर या माणसाची ओळख झाली. बोलायला अतिशय गोड. कुणी प्रश्न विचारला की लगेच उत्तर, तेही समजावून. मी कुव्हर्चर चॉकलेटबद्दल, म्हणजे ट्रफल-बॉनबॉनसाठी लागणाऱ्या, जास्त कोको बटरच्या चॉकलेटबद्दल विचारलं तेव्हा त्याने मला वेगळा मेसेज केला, "ताई, आधी थोडं वापरून बघा, पटलं तर पुढचं बोलू." त्याने पाठवलेलं पहिलं पाकीट कंपनीचं होतं, सीलबंद, मागे घटकांची पूर्ण यादी छापलेली. त्याचे ट्रफल इतके छान झाले की मी डबा भरून सगळ्यांना वाटले. तुकडा मोडला की कट्कन आवाज, वर आरशासारखी चकाकी.

मग त्याने सांगितलं की मूळ खोकं फार मोठं येतं, ते फोडून तो चार-पाच जणींना वाटून देतो, म्हणून दर थोडा कमी पडतो. दर फार कमी असता तर मला शंका आली असती. तो होता बेताचाच कमी, पटेल इतपत. मी पाच किलो सांगितलं, पैसे आधी भरले. आलेला माल साध्या पारदर्शक पिशव्यांत होता. पिशवीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी, 'डार्क ५५%', म्हणजे कोकोचं प्रमाण, बाकी काही नाही. ना कंपनीचं नाव, ना घटक, ना बॅच नंबर, ना तारीख. खोकं फोडलंय म्हटल्यावर असंच येणार, अशी मी मनाची समजूत घातली. पहिलं पाकीट खरं निघालं होतं ना.

आता थोडं टेंपरिंगबद्दल, म्हणजे चॉकलेट ठरावीक अंशांवर वितळवून, उतरवून नीट थिजवण्याबद्दल सांगते, कारण फसवणूक तिथेच लपली होती. खऱ्या चॉकलेटमधलं स्निग्ध म्हणजे कोको बटर. ते थिजताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक बनवू शकतं, आणि चकाकी, कडकपणा, तोंडात टाकल्यावर सुरेख विरघळणं हे त्यातल्या एकाच प्रकारातून मिळतं. तो प्रकार सुमारे ३४ अंशांना वितळतो, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या जरा खाली. म्हणून डार्क चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, मग २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणून कामाला घ्यायचं. घरी सोपी पद्धत म्हणजे वितळलेल्या चॉकलेटमध्ये आधीच नीट टेंपर झालेल्या चॉकलेटचे बारीक तुकडे टाकून ढवळत राहणं. ते तुकडे विरजणासारखे काम करतात, बाकीच्या चॉकलेटला योग्य वळण लावतात.

मी विरजण म्हणून पहिल्या पाकिटातलं उरलेलं चॉकलेट जपून ठेवलं होतं. दर वेळी त्यातलं मूठभर टाकायचे. आणि दर वेळी तेच व्हायचं. मोल्ड पालथा केला तरी चॉकलेट सुटायचं नाही, बोट लावलं की ठसा उमटायचा. कसंबसं सुटलेलं दुसऱ्या दिवशी पांढुरकं पडायचं, राख भुरभुरल्यासारखं. या पांढऱ्या थराला ब्लूम म्हणतात आणि टेंपरिंग चुकल्याची ती नेहमीची खूण मानतात. मी नवा थर्मामीटर आणला. अंश वहीत लिहून ठेवू लागले. पहाटे उठून, स्वयंपाकघर गार असताना करून पाहिलं. पुन्हा राख.

त्याला फोटो पाठवले की उत्तर तयार असायचं. "ताई, वाफ लागली असेल." "ताई, ढवळायचा हात थोडा घाईचा आहे तुमचा." "पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं, धीर सोडू नका." एकदा तर त्याने मला हात कसा फिरवायचा याचा व्हिडिओ करून पाठवला. आज ते आठवलं की अंगाचा संताप होतो. माल कुठला आहे हे त्याला माहीत होतं, आणि तरी तो माझ्या मनगटातली चूक दाखवत होता. मीही ते खरं मानत होते. चॉकलेटचं काम अवघड आहे हे सगळेच सांगतात, त्यामुळे बिघडलं की संशय स्वतःवरच येतो. शिकाऊ माणसाला फसवणं यामुळेच सोपं असतं.

मधल्या काळात त्याच मालाच्या ब्राउनी केल्या, त्या बऱ्या झाल्या. लोणी, साखर, अंडी, मैदा आणि वर ओव्हनची आच, या सगळ्यात चॉकलेटचा खोटेपणा झाकला जातो. म्हणून तर मालावर शंका घ्यावी असं मला सुचलंच नाही. माझ्या भाचीच्या वाढदिवसाला बॉनबॉनचा डबा द्यायचं मी कबूल केलं होतं. तिला फोन करून सांगितलं की मावशीला या वेळी जमणार नाही. ती बिचारी म्हणाली, "चालेल गं मावशी, केकच कर." फोन ठेवला आणि मी मोल्ड धुऊन, पुसून माळ्यावर टाकून दिले.

उलगडा झाला तो अगदी योगायोगाने. उरलेलं चॉकलेट कुकीजवर ओतून संपवावं म्हणून एका दुपारी मी ते वितळवलं. विरजणाचे तुकडे टाकण्याआधी चमच्यावरून एक ओघळ खाली पडला आणि ओट्यावरच्या बटर पेपरवर एक मोठा थेंब झाला. तेवढ्यात कुणीतरी दारावर आलं. पंधरा-वीस मिनिटांनी परत आले तर तो थेंब घट्ट झालेला होता. नखाने उचलला तर कागदापासून अलगद सुटला. खालची बाजू लख्ख चमकत होती. मोडला, तर कट्कन मोडला.

मी बराच वेळ तो तुकडा हातात धरून उभी होते. टेंपर न केलेलं खरं चॉकलेट असं वागूच शकत नाही. ते कितीतरी वेळ ओलं राहतं, मऊ राहतं, वर रेघा आणि डाग उमटतात. जी चकाकी मिळावी म्हणून मी दोन महिने पहाटे उठत होते ती काहीच न करता आली होती, आणि माल खोटा असल्याचा पुरावा तोच होता.

खात्री करायला त्याच दिवशी दोन थेंब शेजारी शेजारी टाकले. डावीकडे पहिल्या सीलबंद पाकिटातल्या शेवटच्या तुकड्यांचा, उजवीकडे पिशवीतल्या मालाचा. दोन्ही ४५ अंशांना वितळवलेले, दोन्हींना विरजण नाही. उजवीकडचा वीस मिनिटांत टणक झाला. डावीकडचा तासाभरानेही बोटाला लागत होता. मग दोन्ही माल नुसते चाखून पाहिले. खरं चॉकलेट जिभेवर वितळून नाहीसं झालं. पिशवीतलं वितळलं, पण टाळूवर मेणाचा पातळ थर राहिल्यासारखं वाटत राहिलं. हे मी आधीच का केलं नाही? कारण मी ते कधी नुसतं खाल्लंच नव्हतं. नेहमी काहीतरी घालून, काहीतरी करून.

तो माल होता कंपाउंड. यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती-स्निग्ध असतं, बहुतेकदा पामच्या बियांच्या तेलापासून केलेलं, आणि चव कोको पावडरची. त्याला टेंपरिंग लागत नाही. पण त्या तेलाचं आणि कोको बटरचं एकमेकांशी पटत नाही. कंपाउंडमध्ये कोको बटर थोडंसं जास्त गेलं तरी मिश्रण मऊ पडतं आणि वर पांढरं येतं. म्हणजे मी दर वेळी प्रामाणिकपणे खऱ्या चॉकलेटचं विरजण घालत होते आणि त्यानेच सगळं नासत होतं. जितकी काळजी घेत होते तितकं बिघडत होतं.

कंपाउंडला मी नावं ठेवत नाही. उन्हाळ्यात, लहान मुलांबरोबर करताना, कुकीज पटकन बुडवायच्या असताना ते सोयीचंच आहे. पण त्याला कंपाउंड म्हणून विकावं. 'कुव्हर्चर' या शब्दाला अर्थ आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार त्यात किमान ३५ टक्के कोकोचे घटक लागतात, आणि त्या ३५ पैकी किमान ३१ टक्के कोको बटरचे असावे लागतात. हातच्या चिठ्ठीवर ५५ लिहिलं म्हणून ते कुव्हर्चर होत नाही. पाकिटावरची यादी वाचली की दोन ओळींत निकाल लागतो. कोको मास, साखर, कोको बटर असेल तर चॉकलेट. साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, कोको पावडर असेल तर कंपाउंड. ती यादीच मिळू नये म्हणून माल पिशवीत येतो.

मग त्याच्याकडून घेतलेलं सगळंच मी बाहेर काढलं. 'व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट'ची बाटली होती, तीही लेबलाशिवाय. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगा अल्कोहोलमध्ये मुरवून काढलेला अर्क, पाण्यासारखा पातळ. हे पाकासारखं दाट आणि गोड होतं. व्हॅनिलाचं फूल हाताने परागीकरण करावं लागतं, शेंगा तयार व्हायला आणि मुरायला महिने जातात, म्हणून खरा अर्क महाग असतो. व्हॅनिलाचा मुख्य वास देणारं व्हॅनिलिन १८७४ पासून कृत्रिमरीत्या बनवता येतं, आणि इसेन्स म्हणून ते वापरण्यात काही वावगं नाही. पण मी पैसे अर्काचे दिले होते.

खरी धास्ती मात्र एका छोट्या डबीने भरवली. सोनेरी लस्टर डस्ट, केकवर ब्रशने लावायची चमकदार पावडर. भाचीच्या केकसाठी ती मी काढूनही ठेवली होती. डबीवर फक्त 'नॉन टॉक्सिक' असं छापलेलं. याचा अर्थ खाण्यायोग्य असा होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शाळेतले रंगीत खडूही विषारी नसतात, म्हणून कुणी ते खात नाही. खाण्याच्या डस्टवर 'एडिबल' असा स्पष्ट शब्द आणि घटकांची यादी असायला हवी. २०१८ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली होती. केकवरच्या आयसिंगमध्ये खूप जास्त तांबं सापडलं, आणि ते आलं होतं खाण्यासाठी नसलेल्या डस्टमधून. हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पाच मुलं येणार होती त्या वाढदिवसाला. चॉकलेटचे पैसे बुडाले तर बुडाले, पण अनोळखी पावडर कुणाच्या मुलाच्या पोटात जाऊ देऊ नका. सुट्या मालात दूध किंवा सुकामेवा मिसळलाय का हेही कळत नाही, आणि ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याच्या जिवावर बेतू शकतं.

त्याला दोन थेंबांचा फोटो पाठवला. आधी म्हणाला, "पिशव्या बदलल्या असतील ताई, बघून सांगतो." मी मूळ खोक्याच्या लेबलचा फोटो मागितला. दोन दिवस शांतता. मग, "तुमच्याआधी कुणाचीच तक्रार नाही." मी पैसे परत मागितले आणि त्याने मला ब्लॉक केलं. पैसे थेट त्याच्या खात्यात भरलेले, बिल नाही, पत्ता नाही. तक्रारीसोबत जोडायला माझ्याकडे चॅट आणि पिशव्यांचे फोटो एवढंच होतं, ते जोडून तक्रार केली आहे. निकाल अजून काही नाही.

आता मी सुटं चॉकलेट घेत नाही. कुणी खोकं फोडून देत असेल तर लेबलचा आणि बॅच नंबरचा फोटो आधी मागते. सॅम्पल खरं निघालं म्हणून पुढचा माल खरा धरत नाही. सॅम्पल खरं असतं ते आपला विश्वास बसावा म्हणूनच. आणि कुठलाही नवा माल आला की वापरण्याआधी एक तुकडा नुसता खाते आणि एक थेंब कागदावर टाकते. उरलेले साडेतीन किलो फेकून दिले. त्यात काय आहे हे माहीत नसताना ते कुणाला खायला घालणं मला जमलं नाही.

त्याचं नाव न घेता ग्रुपवर मी दोन थेंबांचा फोटो टाकला, तेव्हा तिघींनी वेगळा मेसेज केला. माल तसाच, पिशव्या तशाच, चिठ्ठीवरचं अक्षरही तेच. त्यातली एक म्हणाली की तिने सहा महिन्यांपूर्वी चॉकलेटचं काम सोडूनच दिलं, "माझा हात जड आहे, ताई." पिशवीतलं थोडं तिच्याकडे अजून होतं. मी तिला दुकानातून एक सीलबंद वडी आणायला सांगितली, घटकांची यादी वाचून. काल रात्री उशिरा तिचा फोटो आला. बटर पेपरवर दोन थेंब, एक अजून ओला, दुसरा लख्ख. खाली तिने विचारलं होतं, मोल्ड कुठले वापरता तुम्ही?