माहूरगड: ओटी घरूनच न्या, आणि एक रात्र राहा

माहूरला जाऊन “दर्शन झालं, लगेच निघालो” असं अभिमानानं सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आमच्या परभणीत निम्मे लोक असंच करतात. पहाटे गाडी काढायची, रेणुकामातेपुढं हात जोडायचे आणि रात्रीच्या जेवणाला घरी. आम्ही या खेपेला मुक्काम केला, कारण आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे एका दिवसात तीन शिखरं चढणारे नाहीत. आणि माहूर म्हणजे तीन शिखरं: रेणुका, दत्त आणि अनसूया.

रस्त्याची एक गंमत आहे. माहूर नांदेड जिल्ह्यात, पण नांदेडहून हदगाव सोडलं की उमरखेड, महागाव असा यवतमाळ जिल्हा ओलांडावा लागतो. धनोड्याला पैनगंगा पार केली की परत आपण नांदेडात. भादव्यात गेलात तर डोंगरभर साग फुललेला दिसतो. घाटात वळणं आहेत, पोरांना पोटभर खाऊ घालून बसवू नका.

आता ओटीचं. मी शिवणकाम करते, म्हणून माझी नजर आधी कापडावर जाते. खाली एका दुकानात साडी, खण, नारळ, हळद-कुंकू असं बांधलेलं ताट घेतलं. साडी जाळीसारखी विरळ आणि खण मोजून बघावा असा आखूड. त्यात साधी बाही बसली असती तर मी शिवणकाम सोडलं असतं. देवी काही बोलत नाही, पण आत्याबाई बोलल्या, “कुलदेवीला असलं नेसवायचं का गं?” तेव्हा साडी-खण घरून न्या, नारळ तेवढा तिथं घ्या.

पायऱ्या दमानं चढाव्यात. बसायला जागा मिळत जाते. साधा मंगळवार-शुक्रवार टाळून गेलो होतो, म्हणून रांग सरकत होती. नवरात्रात नऊ दिवस काय गर्दी असते ते सांगायला नको, म्हाताऱ्या माणसांना तेव्हा नेऊच नये असं माझं मत.

मंदिर यादवांच्या काळचं सांगतात. गाभाऱ्यात हातपाय असलेली मूर्ती शोधू नका. शेंदूरचर्चित तांदळा आहे, नुसतं मुख, आणि तेही भलं मोठं. नव्या सुनांना याचं आश्चर्य वाटतं, मलाही वाटलं होतं. आत्याबाईंनी रांगेतच कथा सांगितली: परशुरामानं कावडीत एका बाजूला जमदग्नींचा देह आणि दुसऱ्या बाजूला आईला घेतलं, कोऱ्या भूमीवर दत्तात्रेयांनी विधी केला, रेणुका सती गेली. पुढं आई जमिनीतून प्रकट होत असताना परशुरामानं मागं वळून पाहिलं, म्हणून मुखच वर आलं. मागच्या दोन बायाही कान देऊन ऐकत होत्या. एकीनं तर “मावशी, पुढं काय झालं?” असं विचारलं. साडेतीन पीठांतलं हे एक पूर्ण पीठ. तुळजापूर, कोल्हापूर करून आलेल्यांनाही इथला मुखवटा बघून थबकायला होतं.

आणि तांबूल! माहूरला हाच प्रसाद. पुरणपोळीचा नैवेद्य असतोच, पण लोक आठवण काढतात ती तांबुलाची. पानं, कात, सुपारी, बडीशेप असं सगळं कुटून केलेला ओला, लालसर गोळा. कुटलेला असल्यामुळं दाढा नसलेल्यांनाही खाता येतो. आत्याबाईंनी दोनदा मागून घेतला आणि पुजाऱ्यानं हसत दिलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तशिखर. दत्तप्रभू जेवायला आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, गोदेकाठच्या पांचाळेश्वरी आणि झोपायला माहूरला, अशी श्रद्धा आहे. महानुभाव पंथाचंही हे मोठं स्थान, देवदेवेश्वर मंदिरात काळ्या वस्त्रातली साधुमंडळी भेटतात. दत्तशिखरावर वानरं पिशवी ओढतात, केळी उघडी नेऊ नका. अनसूयेकडं गर्दी कमी आणि वारं छान, आत्याबाई तिथंच जास्त रमल्या.

किल्ला, म्हणजे रामगड, आम्ही हत्ती दरवाज्यापर्यंतच पाहिला. तटबंदी झाडोऱ्यात बुडाली आहे आणि माहिती सांगणारा फलकही मला दिसला नाही. याच माहूरची रायबागन ही लढवय्यी बाई १६६१ साली उंबरखिंडीच्या लढाईत मोगलांच्या बाजूनं, त्यांचा सरदार कारतलबखान याच्याबरोबर होती, शिवाजी महाराजांशी बोलणं करायचा सल्ला तिनंच दिला म्हणतात. तिचं नाव पोरींना शाळेत कुणी सांगत नाही.

तक्रारी: बायकांच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हतं, ते बाटलीनं भागवावं लागलं. पायऱ्यांलगत प्लॅस्टिकचा खच. मुक्कामाची खोली साधी, पण चादर धुतलेली होती. पाचपैकी चार तारे, एक त्या पाण्यासाठी कापला.

तांबूल घरी न्यायचा तर झाकणाचा स्टीलचा डबा जवळ ठेवा. द्रोणातला वाळतो, आणि पिशवीतून गळून साडीला लागला तर काताचा डाग कितीही घासा, निघत नाही.